ओठावर जर (तापानंतर येणारे फोड) आलाय आणि आतून तोंडपण आलंय, दोन्ही एकच असतं का? कुठे काय लावू?

मृण्मयी_नाशिक:

नमस्कार. गेल्या आठवड्यात व्हायरल ताप झाला होता, तो उतरला आणि कालपासून खालच्या ओठाच्या कडेला डावीकडे बारीक बारीक पाण्याचे फोड आलेत, एका जागी झुपकाच आहे म्हणा ना. फोड यायच्या आधी रात्रभर तिथे मुंग्या आल्यासारखं चुणचुणत होतं, मला वाटलं काहीतरी चावलं. आई म्हणते जर आलाय, अंगातला ताप ओठातून बाहेर पडतोय, चांगलंच असतं, काही लावू नको. शेजारच्या काकू म्हणतात कोळी मुतला. आणि त्यात भर म्हणजे आतून तोंडपण आलंय, ओठाच्या आतल्या बाजूला एक आणि जिभेच्या कडेला एक असे पांढरट खड्डे पडलेत, कडेने लालभडक, साधा वरणभात खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येतंय.

मेडिकलमध्ये गेले तर तिथल्या मुलाने दोन ट्यूब दिल्या, एक ॲसायक्लोव्हिर क्रीम आणि एक तोंडात लावायची ट्रायमसिनोलोन पेस्ट. कोणती कुठे लावायची विचारलं तर म्हणे दोन्ही दोन्हीकडे लावा, काही होत नाही. घरी येऊन खोक्यावर वाचलं तर हर्पिस लिहिलंय आणि पोटात गोळाच आला, गूगल केल्यावर तर अजूनच, नवऱ्याला काय सांगू, तो काय समजेल असं सगळं डोक्यात यायला लागलंय.

मुख्य टेन्शन वेगळंच आहे. रविवारी भावाच्या मुलीचं बारसं आहे, मी एकुलती एक आत्या, बाळाच्या कानात नाव मीच सांगायचं आहे. जाऊ की नको? प्लीज कोणाला नीट माहिती असेल तर सांगा.

जाईजुई_काकू:

मृण्मयी बाळा, आधी घाबरणं सोड. आतून जे तोंड आलंय त्याला आमच्याकडे जाईची कोवळी पानं धुऊन चावायला देतात, रस तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा, दिवसातून दोन-तीनदा, ठणका कमी होतो. कच्ची तोंडली खा, पेरूची कोवळी पानं पण चालतात. ज्येष्ठमधाची पूड तुपात कालवून रात्री लाव. जेवणात मऊ भात, तूप, ताक, थालीपीठ वगैरे कडक काही नको, लोणचं-पापड-टोमॅटो-अननस चार दिवस बंद, चहा पण कोमट करून पी. ओठावरच्याला मात्र मी नुसतं तूप लावते, खपली फाटत नाही. बाकी ट्यूबचं डॉक्टर लोक सांगतील, बारशाचंही त्यांनाच विचार कारण हल्ली बाळाच्या बाबतीत बरंच वेगळं सांगतात.

दातांचा_डॉक्टर_सांगली:

मी डेंटिस्ट आहे, हा प्रश्न ओपीडीत कायम येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढा. मृण्मयीताई, तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून हे दोन वेगवेगळे आजार आहेत, एकमेकांशी नातं नाही, फक्त तापाने शरीर थकलं की दोघांनाही डोकं वर काढायला संधी मिळते म्हणून एकदम आलेत.

ओळखायचं कसं तर सगळ्यात आधी जागा बघा. लाल ओठ जिथे संपतो आणि चेहऱ्याची कातडी सुरू होते ती जी रेघ आहे, जर तिथे येतो, कधी नाकपुडीजवळ किंवा हनुवटीवर. तोंड येतं ते आतल्या मऊ, हलणाऱ्या जागी, म्हणजे ओठाची आतली बाजू, गाल, जिभेच्या कडा आणि खालची बाजू, जिभेखालची जागा, मागचा मऊ टाळू. बोटाने हलकेच ढकलून जी जागा सरकते ना, तिथलं बहुतेक वेळा तोंड येणंच असतं. जराचा व्हायरस परत उठताना कधीमधी तोंडात येतो पण तेव्हा तो हाडाला घट्ट चिकटलेल्या जागी येतो, कडक टाळूवर किंवा दाताला लागून असलेल्या हिरडीवर. दाढ काढल्यावर किंवा टाळूत इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवसांनी टाळूला एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढे फोड घेऊन पेशंट येतात ते हेच.

दुसरं म्हणजे सुरुवात कशी झाली ते आठवा. जराला आधी चुणचुण, मग पाण्याने भरलेले फोड झुपक्याने, मग ते फुटतात, मधासारखी पिवळट खपली धरते आणि साधारण सात ते दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत जातो, डाग राहत नाही. तोंड आल्यावर पाण्याचा फोड कधीच नसतो, थेट खड्डा, मध्ये पांढरा-पिवळा थर, कडेला लाल कडी. बहुतेक खड्डे एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप भरतात. त्याहून मोठे असले तर महिना-महिना घेतात, व्रण ठेवतात, ते डॉक्टरला दाखवायचे. आणखी एक प्रकार आहे ज्यात टाचणीच्या डोक्याएवढे डझनावारी येतात, ते दिसायला व्हायरससारखे पण व्हायरस नसतो, तिथे आमचीही फसगत होऊ शकते, म्हणून एकदम खूप सारे आले तर घरी निदान करत बसू नका.

तिसरा फरक घरच्यांसाठी महत्त्वाचा. तोंड आलेलं कोणालाही लागत नाही, उष्टं खाल्लं, पापी घेतली तरी नाही. जर लागतो.

आता हर्पिस या नावाबद्दल, कारण या नावापायी लोक उगाच घरात भांडणं करतात. जराचा व्हायरस म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स टाइप १. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या ६४ टक्के लोकांच्या, म्हणजे जवळपास ३८० कोटी माणसांच्या अंगात हा आहे. बहुतेकांना तो लहानपणी घरच्यांच्या पाप्यांमधून, उष्ट्यातून मिळतो, कित्येकांना आयुष्यात एकदाही फोड येत नाही. एकदा आला की चेहऱ्याच्या नसेची कवटीच्या आत एक गाठ असते तिथे दडी मारून बसतो, तिथून आपण त्याला काढू शकत नाही. मग ताप, कडक ऊन, पाळी, जागरण, परीक्षेचं टेन्शन, दातांचं काम असलं काही झालं की त्याच नसेवरून ओठापर्यंत येतो, म्हणून कित्येकांना दर वेळी अगदी त्याच जागी येतो. म्हणजे ताप ओठातून बाहेर पडत नाही, तापाने झोपलेला व्हायरस जागा होतो. तुमच्या नवऱ्याने काही संशय घ्यावा असं यात काहीही नाही, त्याच्याही अंगात असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. फक्त फोड असेपर्यंत चुंबन आणि मुखमैथुन दोन्ही बंद ठेवा, कारण हाच व्हायरस तिथेही जाऊ शकतो. फोडाला लागलेला हात डोळ्याला लावू नका, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर थोडे दिवस चष्मा वापरा, डोळ्याच्या बुबुळावर गेला तर नजरेला धोका असतो. डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि घरातला स्टिरॉइडचा ड्रॉप अजिबात घालायचा नाही.

मृण्मयी_नाशिक:

डॉक्टर खूप खूप धन्यवाद, किती शांत वाटलं सांगू. नवऱ्याला तुमची पोस्टच वाचायला दिली, तो म्हणाला त्याला बारावीत यायचे असे फोड. आता दोन प्रश्न, एक ट्यूबचं काय करू आणि दुसरं बारसं. ओठाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पण जरा चीर पडल्यासारखी वाटतेय, ते पण जरच का?

मेडिकल_ठाणे:

मी फार्मासिस्ट आहे, स्वतःचं दुकान आहे. ताई, दोन्ही दोन्हीकडे लावा हा सल्ला चुकीचा आहे आणि एका बाजूने तर नुकसान करणारा आहे. ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड आहे. तोंडातल्या खड्ड्यात आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती जास्त भडकलेली असते, तिला शांत करायला स्टिरॉइड उपयोगी. ओठावर जिवंत व्हायरस आहे, तिथे स्टिरॉइड नुसतं लावलं की प्रतिकारशक्ती दबते आणि व्हायरसला रान मोकळं मिळतं, फोड पसरतात. म्हणून ओठावर ही पेस्ट नाही, आणि घरात खाज-गजकर्णाला वापरलेली जी पाच औषधं एकत्र असलेली मिक्स ट्यूब पडलेली असते तीसुद्धा नाही, त्यातपण स्टिरॉइड असतं.

उलट्या बाजूने ॲसायक्लोव्हिर तोंडातल्या खड्ड्याला लावून काही होणार नाही. हे औषध मोठं हुशारीचं आहे, ते मुळात झोपलेल्या अवस्थेत असतं आणि हर्पिसच्या व्हायरसचं स्वतःचं एक एन्झाइम त्याला जागं करतं, म्हणजे ज्या पेशीत व्हायरस आहे तिथेच ते काम करतं, बाकी पेशींना फारसा त्रास नाही. ज्यांच्या लॅबमधून हे औषध आलं त्या गर्ट्रूड एलियन बाईंना १९८८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, मला फार आदर आहे त्यांच्याबद्दल म्हणून सांगितलं. पण तोंडातल्या खड्ड्यात व्हायरसच नाही तर ते जागं होणार कशाने.

आता लावायची पद्धत. ॲसायक्लोव्हिर क्रीम पाच टक्केवालं, जागे असताना दर चार तासांनी, दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस. कापसाच्या काडीने लावा, ट्यूबचं तोंड फोडाला टेकवू नका, हात धुवा. पण खरं सांगतो, क्रीमने फार तर एखादा दिवस वाचतो, आणि तोही चुणचुण सुरू झाल्या झाल्या लावलं तर. तुमचे फोड येऊन दिवस झाला म्हणजे फार अपेक्षा ठेवू नका, आता व्हॅसलिनचा पातळ थर देऊन खपली मऊ ठेवलीत तरी पुरे. ज्यांना वर्षातून बरेचदा येतो त्यांनी डॉक्टरकडून व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या आधीच लिहून घेऊन घरात ठेवाव्यात, दोन ग्रॅम आणि बारा तासांनी परत दोन ग्रॅम, एकाच दिवसाचा कोर्स असतो, चुणचुण जाणवली की लगेच. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो म्हणून प्रिस्क्रिप्शनशिवाय मी देत नाही, कोणी दिल्या तरी घेऊ नका. आणि उन्हाने येत असेल तर सनस्क्रीनवाला लिप बाम, एसपीएफ ३० किंवा जास्त, तो स्वतःचाच, कोणाला द्यायचा नाही.

तोंडातली पेस्ट जेवणानंतर आणि रात्री झोपताना. आधी स्वच्छ कापसाने खड्डा टिपून कोरडा करा, मग चिमूटभर पेस्ट बोटावर घेऊन नुसती टेकवा, दाबा. चोळायची नाही! चोळली की ती रव्यासारखी कणीदार होते आणि गळून पडते, बरेच लोक तक्रार घेऊन येतात की पेस्ट चिकटतच नाही त्याचं कारण हेच. नंतर अर्धा तास खाणं-पिणं नाही. आठवडाभरात फरक नाही पडला तर बंद करून डॉक्टरला दाखवा.

जेवायच्या आधी ठणका कमी करायला लिग्नोकेनचं जेल मिळतं, मोठ्या माणसांना चालतं, पण लावल्यावर जीभ बधिर होते, गरम चहा घेऊ नका भाजलेलं कळत नाही. कोलीन सॅलिसिलेटवालं जेल १६ वर्षांखालच्या मुलांना लावू नये, आणि बेन्झोकेनवालं दोन वर्षांखालच्या बाळाला तर अजिबातच नाही, दात येताना हिरडीला चोळतात लोक. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या करायच्या असतील तर ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून करा, टूथपेस्टमधल्या फेसाने त्याचा जोर जातो, आणि चहावाल्यांच्या दातावर डाग पडतात म्हणून फार दिवस नको.

कोपऱ्यातली चीर हे तिसरंच प्रकरण आहे, डॉक्टर सांगतील.

एनआयसीयू_सिस्टर:

मृण्मयी, मी नवजात बाळांच्या आयसीयूत काम करते, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. बारशाला जाऊ नकोस. गेलीस तरी बाळाच्या खोलीत नाही. तुझ्या ओठावर आत्ता पाण्याचे फोड आहेत, म्हणजे सगळ्यात जास्त पसरायची वेळ हीच, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचं म्हणजे तुझा ओठ बाळाच्या गालाला टेकणारच, वरून सगळ्या बायका म्हणणार एक पापी घे. बाराव्या दिवशी बाळाची प्रतिकारशक्ती फारच कमी असते. मोठ्या माणसाला चार दिवसांचा ओठाचा त्रास असतो तोच व्हायरस एक महिन्याच्या आतल्या बाळाला मेंदू आणि लिव्हरपर्यंत जाऊ शकतो, सलाइनमधून ॲसायक्लोव्हिर आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं आणि तरी काही बाळं जातात किंवा कायमचं काहीतरी राहून जातं. असं रोज होत नाही, दुर्मिळ आहे, पण ज्या घरात झालंय त्या आईचा चेहरा मी बघितलाय.

खपली पूर्ण पडून खाली नवी कातडी आली की मग जा, तोपर्यंत बाळापासून लांब. बारसं सव्वा महिन्याने किंवा तिसऱ्या महिन्यात करणारी कितीतरी घरं आहेत, भावाला सरळ सांग, तो नक्की ऐकेल. नाहीतर चुलत आत्या, मावस आत्या कोणीही कानात नाव सांगू दे, तू व्हिडिओ कॉलवर पाळणा म्हण.

आणि बाळाच्या आईलाच जर आला तर? तिने दूध पाजणं थांबवायचं नाही, दुधातून हा जात नाही. मास्क लावायचा, हात साबणाने धुवायचे, पापी नाही. फक्त स्तनावरच फोड असेल तर त्या बाजूने पाजायचं नाही, फोड झाकायचा आणि लगेच डॉक्टरला दाखवायचं. कोणी आधीच पापी घेऊन मोकळं झालं असेल तर घाबरून न जाता पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायचं, बाळ दूध ओढेना, सारखं झोपून राहतंय, ताप किंवा उलट अंग गार, अंगावर बारीक पाण्याचे फोड, झटका, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल, आणि तिथे पोचल्यावर ओठावर फोड असलेल्या माणसाने पापी घेतली होती हे तोंडाने सांगायचं, कारण न सांगता ते लवकर लक्षात येत नाही.

काकूंच्या औषधात एक भर घालते. मोठ्यांना मध ठीक आहे पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटुलिझमचा, म्हणजे एका गंभीर विषबाधेचा, धोका असतो. आणि बाळाच्या तोंडात पांढरं आलं की टाकणखाराची लाही मधातून लावायची पद्धत आहे ती पण नको, टाकणखार म्हणजे बोरॅक्स, लहान बाळाला विषारी ठरू शकतो.

जाईजुई_काकू:

सिस्टर, टाकणखाराचं बरं सांगितलंत, आमच्याकडे अजून लावतात. सुनेला आजच सांगते.

मृण्मयी_नाशिक:

सिस्टर, भावाशी बोलले. नाव चुलत बहीण सांगणार आहे, मी जात नाहीये. वाईट वाटतंय खूप, रडले पण थोडी, पण ठीक आहे. वहिनी उलट म्हणाली बरं झालं बोललीस, आता येणाऱ्या सगळ्यांनाच पापी घेऊ नका म्हणून सांगते.

आरोहची_आई:

धाग्यात घुसतेय, सॉरी. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला दर महिन्या-दीड महिन्याला तोंड येतं, आतूनच, वर डॉक्टरांनी सांगितलं तसे खड्डे. सासूबाई म्हणतात पोट साफ नाही, उष्णता आहे, मी बी कॉम्प्लेक्सचं सिरप देते दर वेळी. नेमकं काय कमी आहे ते कसं कळणार? की दातांचं काही? त्याला तार पण लावायची म्हणतायत.

दातांचा_डॉक्टर_सांगली:

आधी मृण्मयीताईंची कोपऱ्यातली चीर. ओठाच्या कोपऱ्यात, बरेचदा दोन्हीकडे, लालसर चिरा पडतात, तोंड मोठं उघडलं की फाटतात, तिथे बहुतेक वेळा लाळ साचून बुरशी वाढलेली असते, आणि मागे लोह किंवा बी जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, म्हाताऱ्या माणसांत कवळी झिजलेली असते. त्याला बुरशीचं मलम लागतं, ॲसायक्लोव्हिरने काही होत नाही. तापात तुम्ही ओठ चाटत असाल तर त्यानेही होतं, ते बंद करा.

आरोहच्या आई, दर वेळी सिरप देऊन बघण्यापेक्षा एकदा रक्त तपासा, सीबीसी, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी १२ आणि फोलिक ॲसिड. तपासणीच्या आधी काही दिवस सिरप बंद, नाहीतर रिपोर्ट चांगला येतो आणि खरं कारण झाकलं जातं. घरात पूर्ण शाकाहार असेल तर बी १२ कमी असण्याची शक्यता बरीच असते, ते भरून काढलं की पुष्कळ मुलांचं तोंड यायचं कमी होतं. पण कमतरताच नसेल तर बी कॉम्प्लेक्सने लघवी पिवळी होण्यापलीकडे फार काही पदरात पडत नाही. टूथपेस्टच्या मागे सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलंय का बघा, फेस त्याचाच होतो, काही जणांना त्याने सारखं तोंड येतं, ते नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून बघा, खर्च फारसा नाही. मग एखादा दात तुटून टोकदार झालाय का, जेवताना गाल चावला जातो का. तार लावली की सुरुवातीला घासून फोड येणारच, त्यासाठी मेण मिळतं, मागून घ्या.

पोट आणि तोंड यांचा संबंध अगदीच नाही असं नाही बरं का. वजन वाढत नाही, सारखे जुलाब, पोट फुगणं असं काही सोबत असेल तर गव्हातलं ग्लुटेन न पचण्याचा आजार म्हणजे सिलिॲक बघावा लागतो. पाच वर्षांखालचं मूल असेल आणि ठरावीक आठवड्यांनी घड्याळ लावल्यासारखा ताप, घसा, मानेला गाठी आणि सोबत तोंड आलेलं असा क्रम असेल तर मुलांच्या डॉक्टरला तारखा लिहून दाखवा, त्याचा वेगळा आजार आहे. तळहात-तळपायावर पण पुरळ असेल तर तो हँड-फूट-माउथ, शाळेत साथ येते त्याची, तो पसरतो. आणि मोठ्या माणसात तोंडाबरोबर गुप्तांगावर पण जखमा आणि डोळे लाल होत असतील तर लाज न बाळगता सांगायचं, बेशेट नावाचा आजार असू शकतो.

लहान मुलांमध्ये जराचा व्हायरस पहिल्यांदा त्रास देतो तेव्हा तो बरेचदा ओठापुरता नसतो हेही लिहून ठेवतो. सहा महिने ते पाच वर्षं या वयात, जोराचा ताप, हिरड्या सुजून लालबुंद, रक्त येतंय, सगळ्या तोंडात फोड, लाळ गळतेय आणि पोर पाणीपण पीत नाही. लोक याला दात येतायत म्हणून सोडून देतात. पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे ७२ तासांत ॲसायक्लोव्हिर सुरू केलं तर फायदा होतो. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले तर ॲडमिट करावं लागतं. असं पोर अंगठा चोखत असेल तर अंगठ्यावरपण फोड येतात, त्याला पू समजून चिरायचं नाही.

बीडकर_संतोष:

डॉक्टर साहेब, माझे वडील ६१ वर्षांचे, तंबाखू-चुना कित्येक वर्षांपासून खातात, गालाच्या आत खाली डाव्या बाजूला जखम आहे, दिवाळीच्या आधीपासून आहे म्हणतात, दुखत नाही म्हणून कोणाला बोलले नाहीत. गावातल्या मेडिकलमधून तोंड आल्याची पेस्ट आणून लावतात, जरा बरं वाटतं पण भरत नाही. वरचं वाचून मला वाटलं एक सेंटिमीटरच्या वर आहे. महिनाभर अजून पेस्ट लावून बघू का?

दातांचा_डॉक्टर_सांगली:

संतोषभाऊ, नाही. एक दिवसही अजून पेस्ट लावून बघू नका. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती तोंड आलेलं धरायचीच नाही, डॉक्टरने बघायची. तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारी यातलं काही असेल तर दोन आठवडेच धरा. आणि दुखत नाही म्हणून बरं आहे असं बिलकुल नाही, साधं तोंड येतं ते भयंकर दुखतं, कॅन्सरची सुरुवात मात्र बहुतेकदा न दुखताच होते. वडिलांना उजेडात बसवून बघा, जखमेच्या कडा बोटाला कडक, उचललेल्या लागतात का, हात लावल्यावर रक्त येतं का, आजूबाजूला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, मानेत जबड्याखाली गाठ लागते का, दात हलायला लागलाय का. तोंड उघडायला सांगून त्यांचीच तीन बोटं उभी आत घालायला सांगा, जात नसतील आणि तिखट अजिबात सहन होत नसेल तर सुपारी-गुटख्याने आतली कातडी आवळत चाललीय. यातलं काहीही नसलं तरी दाखवायचं आहेच.

बीडहून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल, तिथे तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. बधिर करून एक छोटा तुकडा काढतात, रिपोर्टवरून पुढचं ठरतं. पुढे लागलंच तर परळचं टाटा मेमोरियल आहे, पण आधी तपासणी. घरात कोणीतरी नक्की म्हणेल की सुई-सुरी लागली की पसरतो, ते खोटं आहे, पसरतो तो वाट बघत बसल्याने.

बीडकर_संतोष:

सोमवारी घेऊन जातो. घरी आईला सांगू की नको हे कळत नाही. वडील म्हणतील मला काही होत नाही, त्यांना कसं तयार करू?

मेडिकल_ठाणे:

भाऊ, कॅन्सर शब्द आत्ता काढायची गरज नाही, तपासल्याशिवाय कोणालाच माहिती नाही. माझ्या दुकानात असे काका येतात त्यांना मी एवढंच सांगतो, काका, पेस्ट संपवून पण भरत नाही म्हणजे औषध चुकतंय, बदलून घेऊ, दाखवून या. ऐकतात. आईला सोबत घ्या, घरातली बाई बरोबर असली की माणूस अर्ध्या रस्त्यातून परत फिरत नाही.

दातांचा_डॉक्टर_सांगली:

बरोबर. पेस्ट आजपासूनच बंद म्हणजे सोमवारी जखम आहे तशी दिसेल, स्टिरॉइडने वरवर चांगली दिसते. बीपी-शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या, तुकडा काढायच्या आधी ते विचारतात, मनाने बंद करू नका. छातीत दुखण्यासाठी निकोरँडिल नावाची गोळी चालू असेल तर ती आवर्जून दाखवा, तिनेही न भरणाऱ्या जखमा होतात. आणि तंबाखू किती वर्षं, दिवसाला किती पुड्या, कोणत्या बाजूला गालात धरून ठेवतात, रात्री तोंडात ठेवून झोपतात का, हे सगळं खरं सांगायला लावा.

बीडकर_संतोष:

डाव्याच बाजूला धरतात साहेब. रात्रीपण.

दातांचा_डॉक्टर_सांगली:

मग सोमवारची वाट बघू नका, उद्या शनिवार आहे, सकाळी फोन करून ओपीडी चालू आहे का विचारा आणि असेल तर सकाळच्याच एसटीने निघा.